भरून सुटणारी जीप

मित्रांनो, मी हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावहून हिंगोलीला जाणारी एक जुनी जीप आहे. कारखान्यातून आले तेव्हा माझा रंग इतका चकचकीत होता की लोक माझ्या दारात बघून केस सारखे करत. आता टपाला गंज चढला आहे आणि मागचं दार सुतळीनं बांधलेलं आहे. माझे मालक रामप्रसाद मला रोज सकाळी स्टँडवर उभी करतात. आमच्याकडची रीत अशी, की सगळ्या जागा भरल्याशिवाय जीप सुटत नाही.

टाळेबंदीनंतर मंदी आली. आमच्या गावच्या पद्माबाईंनी आपलं शिलाईचं दुकान बंद केलं आणि हिंगोलीच्या एका वसतिगृहात स्वयंपाकाचं काम धरलं. आठवड्याला एकदा त्या माझ्यातून घरी येत. पुढे बातम्यांत येऊ लागलं, देशाची अर्थव्यवस्था सावरते आहे. हे खरं असेल, तर नोकरी सोडून दुकान उघडावं, असं पद्माबाईंच्या मनात आलं. त्यांनी शेजारच्या सृष्टीला विचारलं. सृष्टी भौतिकशास्त्र शिकलेली, तपासल्याशिवाय बोलायची नाही.

देशाचे आकडे वरून येतात, आपण ते खालून पडताळू, असं तिनं ठरवलं. लोकांचं बरं चाललं की त्यांचं येणंजाणं वाढतं, हा तिचा तर्क काही वाईट नव्हता. महिनाभर ती घराच्या खिडकीतून, स्टँडवरून सुटून रस्त्यानं जाणाऱ्या जीपा पाहत राहिली. प्रत्येक जीप गच्च भरलेली. मंदी सरली, असं तिनं पद्माबाईंना सांगितलं. स्टँडवर माझंही कौतुक झालं. मी मात्र लाजेनं चूर झाले. सुटण्याआधी मी किती वेळ रिकामी उभी असते, ते मला ठाऊक होतं. पण मला हॉर्न आहे, जीभ नाही.

पद्माबाईंनी नोकरी सोडली, मशीनला तेल घातलं. दिवाळी आली नि गेली. दुकानात आल्या त्या फक्त ठिगळं लावायच्या जुन्या पँटी.

एका सकाळी त्या माझ्यात येऊन बसल्या. वसतिगृहात त्याच दिवशी नवी स्वयंपाकीण ठेवणार होते. त्याआधी पोचायचं होतं. सोबतीला सृष्टी बसली. तिसरं कुणी येईना. ऊन सरकत त्यांच्या गुडघ्यांवर आलं.

"रामप्रसादभाऊ, निघता का न्हाई?"

"सीटा भरू द्या की, बाई. रिकामी गाडी कोन नेते?"

सृष्टीनं वळून मागच्या रिकाम्या सीटा पाहिल्या. लहानपणापासून अंगवळणी पडलेली रीत तिला आज पहिल्यांदा दिसली.

"मावशी," ती खाली मान घालून म्हणाली, "मी भरून सुटलेल्याच जीपा पाह्यल्या. भरायला किती वेळ लागून राहिला, ते पाह्यलंच न्हाई."

पद्माबाई म्हणाल्या, "अन् मी याच गाडीत ताटकळत बसत व्हते, पोरी. तरी तुला इचारलं. मला व्हयच ऐकायचं व्हतं."

रामप्रसादांनी चावी फिरवली. त्या दिवशी मी रिकाम्या जागा घेऊन सुटले. स्टँडवरचे हसले, म्हणाले, रामप्रसादचा धंदा बसला.

तरी आम्हाला उशीर झालाच. पद्माबाईंना काम मिळालं, पण नव्या स्वयंपाकिणीच्या हाताखाली.

मित्रांनो, देश सावरला की नाही, हे जरूर तपासा. पण धावणारी गाडी पाहून निकाल देऊ नका. उभ्या गाडीत डोकावा. तिथे सगळ्यांत आधी येऊन कुणीतरी बसलेलं असतं. त्याला विचारा, किती वेळ झाला बसून.