मी शून्य दाखवलं तो दिवस

मी एक जुना गॅस अनालायझर आहे. नाव परकं वाटेल, पण माझं काम सोपं आहे मित्रांनो. मी हवा हुंगतो आणि तिच्यात पेट घेणारा वायू किती आहे, ते आकड्यात सांगतो. अकोल्याच्या एमआयडीसीत सोयाबीनचं तेल काढणारा एक कारखाना आहे. तिथल्या मोठ्या टाकीशेजारी, पत्र्याच्या शेडमध्ये मी अकरा वर्षांपासून भिंतीवर टांगलेला आहे.

माझा जन्म पुण्याकडचा. तिथे माझ्या पोटात एक नळी बसवली, नळीभोवती दोन हीटर गुंडाळले आणि मला बजावलं, की बाबा रे, एकशेवीस अंशांच्या खाली कधी उतरायचं नाही. कारण टाकीतून येणारी हवा वाफेने ओली असते. थंड पाण्याच्या पेल्यावर बाहेरून थेंब जमतात ना, तसे थेंब माझ्या नळीत जमले तर नळी तुंबते. मग हवा माझ्यापर्यंत पोचतच नाही आणि मी बापडा शून्य दाखवत बसतो. शून्य म्हणजे सगळं ठीक! माझ्या जातीचा हाच मोठा दोष. आंधळा झालो तरी मी 'दिसत नाही' असं म्हणत नाही, 'काही नाही' असं म्हणतो.

सोयाबीनमधलं तेल इथे पेट्रोलच्या जातीच्या एका पातळ द्रवाने धुऊन काढतात. त्या द्रवाची वाफ टाकीत राहिली आणि एक ठिणगी पडली, की संपलंच. म्हणून माझ्या आकड्याला मान होता. दहाच्या वर आकडा असेल तर टाकीत कोणी पाय घालायचा नाही, असा नियम. तिसऱ्या वर्षी मी एक गळती पकडली, भोंगा वाजवला आणि सगळी माणसं धडधाकट बाहेर पळाली. त्या खंडेनवमीला झेंडूचा सगळ्यांत जाड हार मला मिळाला. मोटारी आणि पंप माझ्याकडे बघतच राहिले. मी थोडा फुगलोही होतो, खोटं कशाला बोलू?

पुढे कौतुक सरलं. झाकणावर धूळ बसली, माझं माहितीपुस्तक कुठल्याशा कपाटात गेलं. तरी महादेवराव होते. ते या विभागाचे सुपरवायझर, मायाळू माणूस. जाता-येता फडक्याने माझी काच पुसत.

यंदाच्या मे महिन्यात कारखाना दुरुस्तीसाठी बंद होता. टाकीच्या आत एका पत्र्याला चीर गेली होती आणि ती वेल्डिंगने भरायची होती. नेमका त्याच आठवड्यात माझ्या एका हीटरची तार सैल झाली. मी गार पडू लागलो आणि माझा पिवळा दिवा लागला. त्याखाली लिहिलेलं असतं, 'हीटर तापमान दोष'.

आता वऱ्हाडातला मे महिना म्हणजे सेहेचाळीस अंश. त्या दिवसांत इथे काहीही बंद पडलं, मोटारसायकल असो की मोबाइल, दोष उन्हाचाच. महादेवरावांनी दिवा पाहिला, 'तापमान' हा शब्द वाचला आणि हळहळले.

"उनानं तापलं बिचारं! माणसाचे हाल होऊन राह्यले, तं मशीनचं काय सांगावं?"

आणि त्या भल्या माणसाने स्वतःच्या खोलीतला कूलर उचलून आणला, त्यात पाणी भरलं आणि थेट माझ्या तोंडावर लावून दिला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! मी आधीच थंडीने मरत होतो, त्यात ओला वारा. एकशेवीसचा मी शंभरवर आलो, मग ऐंशीवर, मग साठवर. दिवा काही विझेना. महादेवराव म्हणाले, "राहू द्या. लाइट मशीनचा हाये, आकडा टाकीचा हाये. दोनाचा काही संबंध नाही." तरी एक चांगलं केलं. अमरावतीच्या करिश्माला त्यांनी फोन केला. ती अशी यंत्रं दुरुस्त करते.

तिसऱ्या दिवशी सकाळी टाकी वाफेने धुतली. ती ओली हवा माझ्या गार नळीत शिरली आणि तिचं पाणी झालं. मित्रांनो, ती घटका मला आठवते. आधी एक थेंब, मग धार. नळी भरली, तिच्या तोंडची धूळ अडवणारी गाळणी भिजून चिकट झाली आणि हवा यायची थांबली. माझा आकडा सव्वीस होता. तो अकरा झाला, मग चार, मग शून्य.

"झिरो आला!" महादेवराव आनंदाने ओरडले. हातात धरून हवा तपासायचं छोटं यंत्र नागपूरला दुरुस्तीला गेलेलं, म्हणजे सगळी भिस्त माझ्यावर. "योगेश, चाल बाप्पा, बारा वाजायच्या आत उरकून टाक. मंग टाकीची भट्टी होते."

योगेश म्हणजे वेल्डर, हिवरखेडचा तरणा माणूस. त्याने कमरेला पट्टा आवळला, दोर बांधला. खिशातला मोबाइल काढून माझ्या झाकणावर ठेवला आणि माझ्या काचेत वाकून पाहिलं. माझ्याच तोंडावर ते शून्य होतं आणि ते वाचून तो हसला. माझं काळीज नाही, पण जे काही असेल ते फाटलं. आत जाऊ नकोस रे, मी खोटं बोलतोय! पण बोलणार कसा? तोंड दाबून बुक्क्यांचा मार, अशी माझी गत. पिवळा दिवा तेवढा जळत होता आणि त्याच्याकडे कोणी बघत नव्हतं. योगेश शिडी चढला. एक पाय त्याने टाकीच्या तोंडात घातला. मला वाटलं, आता याच्या हातची ठिणगी पडणार आणि ती मीच पाडलेली असणार.

तेवढ्यात दारात रिक्षा थांबली. करिश्मा पाठीवर पिशवी घेऊन आत आली. आधी तिने माझ्याकडे पाहिलं, मग झाकणावरच्या मोबाइलकडे.

"हा मोबाइल कोनाचा? अन् इथं कोनं ठेवला?"

"माहा हाये ताई," वरून योगेश म्हणाला. "कावून?"

"या झाकनावर हात टेकत नाही, इतकं गरम असते ते. तुह्या मोबाइलले काहीच कसं नाही झालं?" तिने तळहात माझ्यावर ठेवला. तिचा चेहराच बदलला. "खाली उतर. आंदी खाली उतर तू!"

"अवो बाई, झिरो हाये न आकडा," महादेवराव म्हणाले.

"काका, मी आल्यापासून हा आकडा जराबी हलून नाही राह्यला. जिता आकडा थोडा तरी हलते. अन् हा कूलर कोनं लावला?"

महादेवरावांनी स्वतःकडे बोट केलं. योगेश खाली उतरला आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

करिश्माने कूलर बंद केला, वीज तोडली आणि माझं झाकण उघडलं. फ्यूज पाहिला, तो चांगला होता. तापमान मोजणारी तार तपासली, तीही चांगली. मग दोन्ही हीटरना मीटर लावला. एक जिवंत होता, दुसऱ्यात वीज पोचतच नव्हती. तिथला स्क्रू सैल होऊन तार काळी पडली होती. तिने जळकं टोक कापलं, तार नव्याने आवळली, नळीतलं पाणी काढलं, गाळणी बदलली आणि मला चालू केलं.

मग वाट पाहणं. साठ, ऐंशी, शंभर. मी पहिल्यांदाच इतक्या घाईने तापत होतो. एकशेवीसवर पिवळा दिवा विझला आणि मला पुन्हा वास आला. चार. अकरा. सव्वीस. एकेचाळीस. मी जीव खाऊन भोंगा वाजवला.

महादेवराव मटकन खाली बसले. "म्या त्याले मारलं असतं," एवढंच म्हणाले, आणि पुन्हा तेच म्हणाले. योगेशने त्यांना पाणी दिलं.

मित्रांनो, माया वाईट नसते, पण न विचारता केलेली माया जीव घेऊ शकते. आमचा दिवा लागला, तर दया दाखवण्याआधी एकदा हात लावून बघा, आम्ही तापलोय की गारठलोय. आणि तो दिवा विझेपर्यंत आमच्या कुठल्याही आकड्यावर भरवसा ठेवू नका, तो कितीही गोड असला तरी.

टाकी पुन्हा दोनदा धुतली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शून्य दाखवलं, मग एक, मग पुन्हा शून्य. आकडा जिवंत होता. योगेश माझ्यासमोर बराच वेळ उभा राहिला, शिडी चढला आणि टाकीत उतरला. तो बाहेर येईपर्यंतचा दीड तास मी खरं बोलत होतो, आणि तरी मला भीती वाटत होती.