मी पेटलो होतो

मित्रांनो, मी एक जुना टेस्टर आहे. गिरिजाकाकूंच्या स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये, रबरबँडांचा गुंता आणि एक अर्धी मेणबत्ती यांच्या शेजारी, गेले चार महिने पडून आहे. माझ्यावर एक आळ आला आहे. तो खोटा आहे हे सांगायला मी शेवटपर्यंत थांबणार नाही, आत्ताच सांगून टाकतो. कसा आला, तेवढे ऐका.

दिसायला मी साधा स्क्रूड्रायव्हर. पण माझ्या पिवळ्या पारदर्शक मुठीत एक इवलासा दिवा आहे. माझे टोक वायरीला लावायचे आणि डोक्यावरच्या पत्र्यावर अंगठा ठेवायचा. वायरीत वीज असेल तर दिवा लाल पेटतो, नसेल तर नाही. काम एवढेच, पण त्यावर माणसाचा जीव असतो.

धर्माजींनी मला भाईंदर स्टेशनजवळच्या दुकानातून घेतले, त्याला एकोणीस वर्षे झाली. ते मूळचे रत्नागिरीकडचे. इथे गुणवंत मिस्त्रींच्या हाताखाली वायरिंगचे काम शिकले. मिस्त्रींनी त्यांना दोन नियम घालून दिले होते. पहिला, कामाला हात लावण्याआधी टेस्टर चालू प्लगमध्ये घालून बघायचा. दुसरा, दिव्यावर तळहाताचा आडोसा धरायचा, कारण भर उजेडात माझा दिवा दिसत नाही. सिल्व्हर पार्कपासून चेण्यापर्यंत किती घरांत मी त्या तळहाताच्या सावलीत पेटलो, त्याची गणती नाही. लोक म्हणत, धर्माजींनी एकदा केले की परत बघायला नको. ते ऐकून मी त्यांच्या शर्टाच्या खिशात फुगून बसायचो. त्यांनी माझ्याकडून रंगाचे डबे उघडून घेतले, एकदा तर चहातली साखरसुद्धा ढवळून घेतली. मी कधी कुरकुर केली नाही. घरच्या माणसांच्या खालोखाल आपलाच नंबर, अशी माझी समजूत होती.

गेल्या वर्षी धर्माजींना जवळचे दिसेनासे झाले. लेकीने, संजनाने, चष्मा करून आणला. तो घरीच राहायचा. चष्मेवाल्या वायरमनला कोण बोलावणार, असे ते बायकोला, चंपाताईंना, म्हणायचे. चंपाताई म्हणायच्या, न बोलावतील तर न बोलावोत, बोटे तरी शाबूत राहतील. हे सगळे मी खिशातून ऐकत होतो.

आणि मग तो बुधवार उजाडला. सकाळी यतीनभाईंच्या फरसाणाच्या दुकानात ट्यूब बदलायची होती. धर्माजींना स्क्रूचे भोक काही सापडेना. तीनदा प्रयत्न केला आणि चौथ्यांदा स्क्रू थेट फाफड्याच्या परातीत. शोधला तर तोही दिसेना. यतीनभाईंनी अख्खी परात रिकामी केली आणि अंकल, आज घर जाके आराम करो, असे हिंदीत सांगितले. तिथून आम्ही मिनलताईंकडे गेलो, दाराची बेल बसवायला. दोन सारख्या वायरी, त्यावर बारीक अक्षरे. ती कोणाला दिसणार? बेल दाबली आणि घरातली वीज गेली. मिनलताईंची ऑफिसची मीटिंग मध्येच तुटली. बेल नीट करून होईपर्यंत त्या घड्याळाकडे बघत उभ्या राहिल्या. बाहेर पडल्यावर धर्माजींनी वायरीला शिव्या घातल्या, पक्कडीला घातल्या, बेल बनवणाऱ्याला घातल्या. माझी पाळी अजून आली नव्हती.

दुपारी आम्ही या घरी आलो. हरिश्चंद्रकाका आणि गिरिजाकाकू चौदा वर्षांपूर्वी गिरगावातून इथे राहायला आले. काका निवृत्त आहेत. सोसायटीच्या फाटकाजवळच्या फळ्यावर रोज खडूने सुविचार लिहितात. अक्षर असे की दूधवालासुद्धा थांबून बघतो.

हॉलमधला स्विचबोर्ड जळला होता. धर्माजींनी मेन बंद केला. फ्रीज थांबला, म्हणजे सगळे बंद, असे त्यांनी धरले. पण या घरात इन्व्हर्टर आहे. मेन बंद झाला की तोच हॉलच्या बोर्डाला वीज देतो. बसवला कोणी? गेल्या वर्षी धर्माजींनीच. विसरले. असू दे, माणूस विसरतो. त्यासाठीच तर मी असतो.

त्यांनी मला वायरीला लावले. चालू प्लगमध्ये आधी बघायला हवे होते, ते राहिले. बाल्कनीतून ऊन थेट बोर्डावर येत होते, त्यावर आडोसा धरायला हवा होता, तोही राहिला. डोक्यात अजून मिनलताईंची बेल वाजत होती. मित्रांनो, मी पेटलो होतो. इन्व्हर्टरची वीज म्हणून जरा मंद, पण पेटलो होतो. धर्माजींनी डोळे बारीक केले, मला खिशात टाकले आणि काकांना म्हणाले,

"काका, ही दोन टोकं जरा धरा. लाइन बंद आहे, मी बघितलंय."

काकांनी शेजारच्या स्टुलावर बसून विश्वासाने धरली. पुढच्या क्षणी ते स्टुलासकट मागे पडले आणि उजवा हात अंगाखाली आला. काकू धावत आल्या. काकांचा चेहरा पांढराफटक पडला होता. कोणी काही विचारायच्या आत धर्माजींनी मला खिशातून ओढून काढले.

"काकू, ह्या टेस्टरने दगा दिला ओ. पेटलाच नाय."

असे म्हणून त्यांनी मला सिंकखालच्या कचऱ्याच्या डब्यात फेकले. त्यांनीच काकांना उचलून रिक्षात घातले, दवाखान्यात नेले, हे मी नाकारत नाही. पण माझा मात्र त्यांनी केसाने गळा कापला. चहाच्या चोथ्यात पडल्या पडल्या मला एकच कळत नव्हते. ज्याने एकोणीस वर्षे यांचा जीव राखला, त्याच्या माथी खापर फोडताना यांची जीभ एकदाही अडखळली कशी नाही?

संध्याकाळी काकूंनी मला डब्यातून काढले, पुसले. चौदा वर्षे त्या धर्माजींचे काम बघत आल्या होत्या. त्यांनी मला मिक्सरच्या प्लगमध्ये घातले, वर अंगठा ठेवला आणि दुसऱ्या हाताचा आडोसा धरला. मी पेटलो. त्यांनी काकांना हाक मारली. काका प्लास्टरमधला हात सांभाळत आले, बघत राहिले. काकूंनी मला ड्रॉवरमध्ये ठेवले.

रविवारी संध्याकाळी धर्माजी केळी घेऊन भेटायला आले. खिशात नवा टेस्टर होता, आकडे दाखवणारा. जुना फेकला ते बरे झाले, धोकाच होता तो, असे त्यांनी आल्या आल्या, कोणी न विचारता सांगितले. खाई त्याला खवखवे. काकूंनी मला काढले, हॉलच्या प्लगमध्ये घातले आणि आडोसा धरला.

"दिसतोय दिवा?" त्यांनी विचारले.

धर्माजी वाकले. डोळे बारीक केले, मान मागे नेली, परत पुढे आणली. मी जीव तोडून पेटलो होतो.

सोफ्यावरून काकांनी डाव्या हाताने आपला चष्मा सावरला. "मला इथून दिसतोय, धर्माजी."

मग धर्माजी जमिनीकडे बघत म्हणाले, "जवळचं दिसत नाय, काकू. वर्ष झालं."

"हात बरा होईल यांचा," काकू म्हणाल्या. "पण त्या दिवशी तेवढंच सांगायचं होतंत."

त्यांनी मला धर्माजींपुढे धरले. मी त्या ओळखीच्या तळहाताची वाट बघत होतो. धर्माजींनी हात पुढे केला नाही. तुमच्याकडेच ठेवा, असे पुटपुटून ते चपला घालून निघून गेले.

फाटकाजवळच्या फळ्यावर सहा आठवडे एकच सुविचार होता. आता काका पुन्हा लिहितात, अक्षर थोडे हलते. धर्माजी हल्ली चष्मा लावून फिरतात, असे काकू सांगत होत्या. ऐकून बरे वाटले. राग आहे, पण त्यांना झटका बसावा असे मला कधीच वाटले नाही.

मित्रांनो, आम्ही जुने झालो तर खुशाल टाकून द्या. पण आपली चूक आमच्या नावावर लावून टाकू नका. आम्हाला उलटून बोलता येत नाही. आणि डोळ्यांना दिसत नसेल, तर तसे सांगा. त्यात लाज कसली?

महिन्यातून एकदा काकू मला काढून प्लगमध्ये घालून बघतात. हाताचा आडोसाही अगदी बरोबर धरतात. मी पेटतो. फक्त तो तळहात धर्माजींचा नसतो.