मेण न भरलेला चेहरा

शिवकन्यानं पेनाची गोळी मस्के सरांच्या नाकावर टेकवली आणि जोर देऊन खाली ओढली. खाली सायकलच्या ट्यूबचं रबर, वर कागदासारखा पातळ तांब्याचा पत्रा. रिफील संपलेला पेन पत्र्याच्या पाठीवरून फिरला की खड्डा पडतो, आणि तोच खड्डा पुढून उठून दिसतो. काम सगळं पाठीकडून. त्यामुळं सर तिला आत गेलेलेच दिसत होते. नाक आत, गाल आत, चष्मा आत. असेच बरे दिसतात, तिला वाटलं.

“लई दाबू नको, फाटंल,” कलीमचाचा म्हणाला. तो लग्नपत्रिकांच्या डब्यांना पितळी वेल चिटकवत होता.

“फाटत न्हाई.”

“दात खाऊन काम करायलीस सकाळपासनं. कोन हाय ह्यो?”

“हाय एक मास्तर.”

चाचा हसला. त्याचा बाप गावोगाव भांड्यांना कल्हई करत फिरायचा. स्टीलची भांडी आली, कल्हईचा धंदा बसला. मग चाचानं गेवराईत बसस्टँडच्या मागं हे दुकान टाकलं. डायरीची कव्हरं, दारावरच्या पाट्या, फोटोच्या चौकटी, सगळं हातानं उठवलेलं. शिवकन्या दोन वर्षांपासून त्याच्याकडं होती आणि आता चेहऱ्याचं काम तिच्याशिवाय कुणी करत नव्हतं.

ऑर्डर घेऊन सोमेश्वर आला होता. शाळेचा जुना विद्यार्थी, आता सत्कार समितीचा अध्यक्ष. त्यानं मोबाईलमधला फोटो दाखवला तेव्हा शिवकन्याच्या हातातली कात्री थांबली.

“आमचे मस्के सर रिटायर व्हायलेत,” सोमेश्वर म्हणाला. “शाल-श्रीफळ तर समदेच देतेत. सर कार्यानुभवाचे. त्यायला हातकाम लई आवडतं. तांब्यात चेहरा काडा, दीड फुटाचा. फक्त पक्कं करा बरं का. सरांची सवय हाय, कोनतीबी वस्तू हातात आली की असं करून बगतेत.” त्यानं काउंटरवर अंगठा दाबून दाखवला. “म्हनतेत, मानसाला डोळे फसवतेत, अंगठा फसवत न्हाई.”

“म्हाईत हाय,” शिवकन्या म्हणाली.

“तुमी त्यायच्या हाताखाली होता का?”

“न्हाई. त्यायच्या अंगठ्याखाली.”

सोमेश्वरला काही कळलं नाही. तो हसला, तारीख लिहून देऊन गेला.

तीन वर्षांपूर्वी ती नववीत होती. तालुक्याच्या प्रदर्शनासाठी वस्तू करून आणायच्या होत्या. तिच्याकडं पत्रा नव्हता. हायवेवरच्या धाब्यामागं कोल्ड्रिंकचे रिकामे डबे पडलेले असायचे. त्यातला एक तिनं कापला, दगडानं सपाट केला, रंगाची बाजू मागं ठेवली आणि चांदीसारख्या बाजूवर मोर उठवला. अकरा दिवस लागले. पिसाऱ्यातला एकेक डोळा वेगळा. वर बूट पॉलिश चोळून पुसलं, तर रेघा काळ्या राहिल्या आणि मोर जिवंत झाला. कडांना पुठ्ठ्याच्या पट्ट्या टाचल्या आणि ओढणीत गुंडाळून शाळेत नेला.

मस्के सरांनी तो हातात घेतला. वर्गाला दाखवला. “हे ह्या पोरीनं केलं म्हणे.”

“मीच केलंय सर. उलटून बगा, मागं डब्याचं नाव हाय.”

सरांनी उलटून बघितलं नाही. मोराच्या छातीवर अंगठा ठेवला आणि दाबला. छाती चेपली, सुरकुतली, आत बसली.

“बघा,” सर म्हणाले. “बाजारचा माल. आत नुसतं पोकळ. आणणारीसारखंच.”

चाळीस पोरं हसली. शिवकन्यानं मोर सरांच्या हातातून हिसकला, टेबलावर आपटला आणि तोंडाला आलं ते बोलून बाहेर पडली. सर म्हणाले, माफी माग मग वर्गात बस. ती गेली नाही. बाप म्हणाला, बसत नसशील तर चल मग. त्या साली ती आईबापासंग ऊस तोडायला गेली. थंडीत पाचट अंगाला कापत होतं आणि मोळ्या बांधताना तिच्या डोळ्यांपुढं एकच चित्र यायचं. अंगठा. नखाखाली खडूची पांढरी रेघ असलेला.

आता त्या अंगठ्याचा मालक तिच्या पेनाखाली होता.

तिसऱ्या दिवशी चेहरा झाला. पुढून पॉलिश चोळून पुसल्यावर चाचानं तो उजेडात धरला आणि इकडून तिकडून फिरवून बघितला. चष्म्याच्या काड्या, गालावरची सुरकुती, ओठाच्या कोपऱ्यातला तो न हसता हसण्याचा वाक. सगळं होतं.

“शिवे, मास्तर बोलंल की काय वाटायलंय. आता मागून भर आन चौकटीत बसव. मी नमाज पडून येतो.”

दुकानाचा हा एकच कायदा होता. उठवलेल्या कामाच्या पाठीत मेण आणि राळ वितळवून भरायची. ती थंड झाली की उठाव दगडासारखा. हात लागो, पोरगं लोंबकळो, दबत नाही. “पोकळ माल ह्या दुकानातनं गेला न्हाई,” चाचा गिऱ्हाइकाला सांगायचा. ‘न्हाई’ म्हणताना काउंटरवर टिचकी मारायचा.

चाचा गेला. शिवकन्यानं स्टोव्ह पेटवला नाही. पत्रा तसाच चौकटीत बसवला, मागं वजनाला जाड पुठ्ठा घातला आणि वरून खाकी कागद चिटकवला. कडा बोटानं घट्ट दाबल्या. आता सर स्टेजवर उभे राहतील. गाव बघत असेल. सवयीनं अंगठा उठेल. आणि मस्के सर स्वतःच्या हातानं स्वतःचं तोंड चेपतील.

चाचा परत आला तेव्हा चौकट गुंडाळून तयार होती.

“भरलं ना?”

“व्हय,” ती त्याच्याकडं न बघता म्हणाली.

कार्यक्रमाला ती स्वतः गेली. शाळेच्या मैदानात मंडप होता. ती मागच्या खांबाला टेकून उभी राहिली. तीन वर्षांनी त्या फाटकातून आत आली होती. कुणी ओळखलं नाही. भाषणं झाली. सरांना फेटा बांधला. सर बारीक झाले होते, फेटा कानावर उतरत होता. मग सोमेश्वरनं चौकटीवरचं कापड काढलं आणि मंडपात एकदम “अरे वा” झालं. माणसं उठून बघायला लागली.

सरांनी चौकट दोन्ही हातांत घेतली. बघत राहिले. मग उजवा हात सुटला. अंगठा वर आला.

शिवकन्यानं खांब घट्ट धरला.

अंगठा गालाच्या वर एक बोटभर थांबला. सरांनी चौकट किंचित हलवली, कान लावल्यासारखं केलं. मग त्यांनी ती उलटी केली. खाकी कागदाचा एक कोपरा नखानं उचकला. आत बघितलं. मग मान वर करून समोरच्या माणसांवरून नजर फिरवत आणली. ओळीमागून ओळ. खांबापाशी, तिच्यावर येऊन ती नजर थांबली.

सरांनी कोपरा परत दाबून बसवला.

पुढचा अर्धा तास शिवकन्या बघत राहिली, आणि तिला ज्यासाठी यायचं होतं ते घडलंच नाही. फोटोसाठी झुंबड उडाली. जो तो चौकटीला हात घालायला बघत होता. “सर, जरा बघू द्या.” “सर, हिकडं धरा.” सर ती कडांनीच धरून होते, गरम तवा धरावा तशी. एक पोरगं बोट लावायला गेलं तर त्याच्या हातावर चापट मारली. सरपंचांनी हार घालायला त्यांना जवळ ओढलं तेव्हा सरांनी चौकट डोक्याच्या वर उचलली. लोक हसले. फेटा सुटून गळ्यात आला तरी हात खाली आले नाहीत.

तिला हसायला यायला पाहिजे होतं. ती चिडून घरी गेली.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्या उघडल्या सर आले. चौकट चादरीत गुंडाळलेली. त्यांनी ती काउंटरवर ठेवली, चादर सोडली, चेहरा वर केला.

“शिवकन्या. दाब.”

चाचा चहाचा कप घेऊन मध्येच थांबला.

“काय म्हनायलेत सर?” त्यानं विचारलं.

“मागून भरलेलं नाही हे. हिला माहीत आहे. दाब, तुझा हक्क आहे.”

चाचानं चौकट उलटी केली, उचकलेल्या कोपऱ्यातून आत बघितलं. मग शिवकन्याकडं.  कप खाली ठेवला आणि मेणाचं भांडं शोधायला लागला.

“मी न्हाई दाबत,” शिवकन्या म्हणाली. “तुमीच दाबा. सवय तुमाला हाय.”

सर बाकावर बसले. 

“बाजारात ठोकलेला मोर असता तर तो दबला नसता,” ते म्हणाले. “साच्यातला माल कडक असतो. हाताचाच असा बसतो. अंगठा आत गेला, तेव्हाच मला कळलं.”

शिवकन्या काउंटरवरून पुढं वाकली.

“तवाच?”

“तेव्हाच.”

“मंग बोलला कावून न्हाई?”

“वर्ग बघत होता.”

स्टोव्ह भरभर पेटला. चाचानं काडी टाकली होती.

“आन आता बोलायलात,” शिवकन्या म्हणाली.  “तवा चाळीस पोरं होती. काल अख्खं गाव होतं, माईक होता तुमच्या हातात. आज कोन हाय? मी हाय आन चाचा हाय. आता कुनी बगत न्हाई म्हनून बोलायलात.”

 फेट्याच्या कडेचा लाल डाग अजून त्यांच्या कपाळावर होता.

“भरून देतेस का?” ते म्हणाले. “घरात नातवंडं आहेत. हात लावतील.”

ती नाही म्हणणार होती. पण चाचानं वितळलेल्या मेणाचं भांडं तिच्यापुढं आणून ठेवलं. डोळे तिच्यावर नव्हते, त्या टिचकी मारायच्या काउंटरवर होते. दोन वर्षांत तो तिच्याशी असा न बोलता वागला नव्हता.

“तुमी भाईर बसा,” ती सरांना म्हणाली. “काम बगत बसलेलं मला चालत न्हाई.”

सर उठून बाहेरच्या बाकावर गेले, दुकानाकडं पाठ करून बसले.

तिनं खाकी कागद फाडला, पुठ्ठा काढला. परत तेच, आत गेलेले सर. पळीनं मेण सोडलं. आधी कपाळ, मग डोळ्यांची खोबण, नाक. मेण पसरत, धूर काढत, एकेक खड्डा भरत गेलं. गालापाशी तिची पळी थांबली. बराच वेळ थांबली. मेणावर साय धरायला लागली तसं चाचानं स्टोव्ह मोठा केला. मग तिनं हात हलवला. नवा कागद गरम मेणावरच टाकून वरून हात फिरवला. आता तो काढला तर मेणासकट निघणार होता.

सर आत आले. तिनं चौकट त्यांच्या हातात दिली.

“सगळं भरलंय,” ती म्हणाली. “एक जागा सोडून.”

“म्हणजे?”

“अंगठ्याएवढी. सोडलीय तशीच.”

“कुठं?”

“दाबून बगा की. तुमाला तर अंगठ्यानं कळतंय.”

सरांनी चेहऱ्याकडं बघितलं. कपाळ, गाल, हनुवटी. उजव्या हाताचा अंगठा जरासा उचलला गेला, आणि मग चार बोटांच्या आत दुमडून गेला. नखाखाली आता खडू नव्हता.

त्यांनी चौकट चादरीत गुंडाळली. बसस्टँडच्या गर्दीत शिरले तेव्हा ती त्यांनी छातीपासून लांब, दोन्ही कडांनी धरली होती.

चाचा भांड्याच्या बुडाला राहिलेलं मेण सुरीनं खरवडत होता.

“मी हितंच होतो,” तो म्हणाला. “ह्या कडंपासनं त्या कडंपत्तर भरलंस. सुई जाईल येवढी बी जागा सोडली न्हाईस.”

शिवकन्यानं नवा पत्रा रबरावर टाकला, तळहातानं सपाट केला.

“तुमी बगितलंत चाचा,” ती म्हणाली. “त्यायनी कुटं बगितलं?”