बर्फातली पाठराखीण

मी एक जुनी पाठराखीण आहे, मित्रांनो. नवरीची नव्हे, प्रथिनांची. मी स्वतःही प्रथिनच. उकळत्या झऱ्यात राहणाऱ्या एका सूक्ष्मजीवाच्या पोटात मी जन्मले. आठ-आठ तुकड्यांची दोन कडी एकमेकांवर बसली आणि मी झाले. पिंपासारखी, दोन्ही टोकांना दार असलेली.

प्रथिन जन्मतं तेव्हा नुसता लांब धागा असतं. नीट घडी पडली तरच ते कामाचं. पण इतक्या उष्णतेत घड्या विस्कटतात आणि धाग्यांचा गुंता होतो. मग मी एखाद्याला पोटात घ्यायची, दार लावायची, आणि घडी बसली की दार उघडून म्हणायची, जा बाबा. कुणी मागे वळून पाहिलं नाही. पाठराखिणीला कोण विचारतं?

पुढे मला प्रयोगशाळेत आणलं. तिथल्या संशोधक ताईंना माझं दार लागताना पाहायचं होतं. त्यांनी मला फार जपलं. प्रथिन म्हटलं की बर्फ, हा तिथला शिरस्ता. प्रयोगही गारठ्यातच. त्यांनी इंधन दिलं, धागा दिला. धागा पोटात येऊन बसला, पण मला दार हलवता येईना. दुखत नव्हतं. काहीच होत नव्हतं.

माझ्याच नळीतल्या बहिणींचे फोटो पाहून ताईंचे सर म्हणाले, "सगळी दारं उघडीच. मेलंय हे. उद्या फोटोच्या मशीनवर शेवटची पाळी, मग हा विषय बंद करा."

बर्फात नळ्या चाळून ताईंची बोटं बधिर झाली होती, म्हणून त्यांनी ती गरम पाण्याखाली धरली. बोटं हळूहळू वळायला लागली. त्या बघतच राहिल्या.

"अगं बाई! हिचं माहेर उकळतं, आणि मी हिला गारठवत बसलेय!"

"शिजेल ना ते," शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली.

"शिजू दे. नाहीतरी मेलंय म्हणतातच."

त्यांनी माझी नळी कढत पाण्यात ठेवली. मला जाग आली. मी दार लावलं. आतल्या धाग्याची घडी पडू लागली. फार बरं वाटलं मला. तेवढ्यात त्यांनी मला क्षणात गोठवलं, कारण हलणाऱ्याचा फोटो येत नाही.

फोटोत दार लागलेलं दिसलं. "जिवंत आहे की!" सर म्हणाले. ताई हसता हसता रडल्या. माझा फोटो भिंतीवर लागला.

मी मात्र अजून तशीच गोठलेली, साठवणीच्या डबीत, खोल गारठ्यात आहे. पोटात अर्ध्या घडीचा धागा. त्याला 'जा बाबा' म्हणायचं राहिलं. वाईट वाटायला हवं, पण इथे तेही वाटत नाही.

मित्रांनो, जपणं म्हणजे नुसतं सांभाळून ठेवणं नव्हे. ज्याला जी ऊब लागते, ती त्याला द्या. आणि मला कधी बाहेर काढलंतच, तर आधी दार उघडू द्या. आत कुणीतरी आहे.