पुढच्या खोलीतलं हसू

हद्दपारी संपवून प्यो इक-ह्वान घरी आले, तेव्हा बायको तोंड फिरवून बसेल अशी त्यांची खात्रीच होती. आणि बसली असती तर काय चुकलं असतं तिचं? दक्षिणेकडच्या त्या बेटावरून त्यांनी दरबारी अर्जावर अर्ज धाडले, राजाच्या विरहात लांबलचक गीत रचलं. बायकोला चार ओळींची खुशाली कळवायला मात्र या माजी मंत्र्याला सवड झाली नाही.

घरी बघावं तर सगळं उलटंच. जेवणाच्या मेजावर तळलेली मासळी, मुगाची गरम धिरडी. सून समोर येऊन लाजतेय, मोलकरणी तोंडावर हात धरून हसतायत. विधवा बहीण तर उघडच म्हणाली, "दादा, भारीच आतल्या गाठीचा निघालास हं! वहिनीला कधी 'जेवलीस का' म्हणून विचारलं नाहीस, आणि गाण्यात एवढं प्रेम? गावच्या बायका तिच्याकडे बघून सुस्कारे टाकतात!"

इक-ह्वान मान खाली घालून मासळीचे काटे काढत बसले.

त्या गीतात एक बाई आहे. नवरा दूर, ती त्याच्यासाठी कापूस भरून अंगरखा शिवते, पण डोंगर आणि ढग आडवे येतात म्हणून पाठवू शकत नाही. हद्दपार मंत्र्यांची ही जुनी रीत: आपण व्हायचं टाकलेली बायको, राजाला करायचं नवरा, आणि रडायचं. दरबारात हे कुणालाही कळतं. पण इक-ह्वानांनी ते पंडितांच्या चिनी अक्षरांत न लिहिता घरच्या बोलीत लिहिलं, आणि ते घरोघरच्या माजघरांत जाऊन पोचलं. बायकांनी सरळ अर्थ घेतला. नवरा बायकोवर नाही लिहिणार तर कुणावर?

आणि तो अंगरखा तरी कुठून आला गीतात? सुनचांगकरीण बाई, म्हणजे त्यांची बायको (माहेर सुनचांगचं म्हणून सगळे तिला तेच म्हणत), दर हिवाळ्याआधी गड्याबरोबर एक अंगरखा बेटावर पाठवायची. तोच अंगात घालून या गृहस्थांनी राजासाठी गळा काढला होता. आठवलं की त्यांची कानशिलं तापायची. आज सांगू, उद्या सांगू करत त्यांनी दिवस ढकलले. सांगावं, तर ही माया जाईल. न सांगावं, तर दुसऱ्याच्या वाटणीचं खाल्ल्यासारखं वाटत होतं.

अशात जुने स्नेही ग्वाक साहेब दोघातिघांना घेऊन भेटीला आले. पुढच्या खोलीत तांदळाची दारू फिरू लागली. ग्वाक साहेबांनी गीत म्हटलं, डोळे पुसले. "काय ही राजनिष्ठा! महाराजांना पाझर फुटला तो उगीच नाही." मग वाटी तोंडाला लावता लावता ते थांबले. "अरे, एक गंमत ऐका. गावच्या बायका म्हणे समजतात, हे याच्या बायकोवर आहे!"

"बायकोवर!" दुसऱ्याने मांडीवर थाप मारली. "बायकोसाठी कोण मेला एवढा रडतो!"

हसून हसून सगळे लोळायचे बाकी राहिले. मग सगळ्यांनी इक-ह्वानांकडे पाहिलं. आणि इक-ह्वान हसले. नुसते हसले असते तरी एक वेळ चाललं असतं. "बायकांना काय कळतंय," असंही म्हणून गेले.

कागदी दाराबाहेर, ओसरीवर, दारूचं ठेंगणं मेज टेकल्याचा आवाज झाला. मोलकरणीने दार सरकवून मेज आत घेतलं, तेव्हा सुनचांगकरीण पाठ फिरवून माजघराकडे चाललेली दिसली. त्यानंतर पाहुणे काय बोलले, इक-ह्वानांना एक अक्षर ऐकू आलं नाही.

पाहुण्यांना वाटेला लावून ते तसेच मागच्या अंगणात गेले. सुनचांगकरीण आणि बहीण समोरासमोर बसून, दगडावर ठेवलेली धुतल्या कापडाची घडी सुरकुत्या जाव्यात म्हणून दांडक्यांनी बडवत होत्या. भाऊ आलेला बघून बहीण मुकाट्याने उठून गेली.

"ते गाणं..." त्यांनी सुरुवात केली.

"राजावरचं आहे," ती म्हणाली. हात चालूच. "पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच कळलं मला. माझ्यासाठी तुम्ही कधी उसासा टाकलाय?"

"मग घरात कुणाजवळ बोलली का नाहीस?"

"का बोलू? बिचारी, बिचारी म्हणून इतकी वर्षं सगळ्यांनी माझी कीव केली. गाणं आलं आणि त्याच बायका माझा हेवा करायला लागल्या. बरं वाटलं हो मला. खोटं का असेना. तुमचं काय जात होतं?"

"चुकलो मी."

"राजावर लिहिलंत, त्याचं काही नाही. ती तुमची रीतच आहे. पण तुम्ही हसलात हो."

मेल्याहून मेल्यासारखं झालं त्यांना. खाली बघतच ते घाईघाईने म्हणाले, "मी तुझ्यावर लिहितो. खरंच तुझ्यावर. आजच बसतो."

तिने दांडकी खाली ठेवली. चिडली असती तर सोसलं असतं. पण ती चिडली नव्हती.

"नका लिहू. ग्वाक साहेब म्हणतील, वा, काय ही राजनिष्ठा! मग कुणीतरी म्हणेल, बायकांना वाटतं हे बायकोवर आहे. आणि तुम्हाला परत हसावं लागेल."

तिने कापडाची घडी उलटली आणि पुन्हा दांडकी उचलली. इक-ह्वान तिथेच उभे राहिले. 'नाही हसणार' एवढे दोन शब्दसुद्धा त्यांच्या तोंडून फुटले नाहीत.