गोचिडाचं घर

व्यंकटच्या दोन गायी गोचीडतापानं गेल्या, तिसरीनं चारा सोडला, तेव्हा गावानं ठरवून टाकलं: बौद्धवाड्यातल्या शेळ्यांनी हौदावर पाणी प्यायचं नाही. गोचीड त्याच घेऊन येतात, असं व्यंकट पारावर म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बौद्धवाड्यातली विशाखा नेहमीसारखीच शेळ्या घेऊन हौदावर गेली.

"कानावर आलं न्हाई का तुझ्या?" व्यंकट म्हणाला. "माघारी ने."

"न्हाई नेत. आधी यांचे कान बघा, जांघा बघा. गोचीड घावला तर मग बोला."

व्यंकट हात लावेना. त्याची म्हातारी आई, लक्ष्मीबाई, पुढं झाली. तिनं एकेका शेळीचा कान उलटा करून पाहिला. कान स्वच्छ होते.

"मग आमच्या गायींवर कुठून आले गं?" म्हातारीनं विचारलं.

मागच्या साली विशाखाची एक शेळी गोचीडतापानं मेली होती. तेव्हा कंधारच्या जनावरांच्या डॉक्टरांनी तिला समजावलं होतं, तेच तिनं सांगितलं. "मादी रगत पिऊन टम्म फुगली की जनावरावरून गळून पडते, मावशी. भिंतीच्या फटीत शिरते, हजारानं अंडी घालते अन् मरते. पिल्लं तिथूनच वर चढतात. तुमचा गोठा दगडी हाय. फटी बघा."

लक्ष्मीबाईनं दाभण आणलं आणि गोठ्यातल्या एका फटीत खुपसलं. तपकिरी अंड्यांचा गोळा ओघळला, सोबत एक वाळून चिपाड झालेला गोचीड.

"फटी जाळून लिंपून घे," म्हातारी लेकाला म्हणाली. "अन् डॉक्टरला आजच आण."

डॉक्टर आला, सुया दिल्या, गाय वाचली. पण विशाखाची माफी कुणी मागितली नाही. उलट दोन दिवसांनी हौदाभोवती बोराट्यांचं काटेरी कुंपण पडलं. गावानं ठरवलेलं मोडायचं नाही, असं व्यंकटचं म्हणणं.

पारावरची माणसं बघत होती. विशाखानं बोराट्या ओढायला घेतल्या. काटा बोटात मोडला, तिनं रक्त पदराला पुसलं आणि दुसरी फांदी धरली. तेवढ्यात बौद्धवाड्याकडून शेजारची कोंडाबाई आपल्या शेळ्या हाकत आली.

"थांब गं पोरी," ती म्हणाली, "ते टोक मी धरते."