गाडीच्या टपावरची सायकल

एक सांगा, अनोळखी रस्त्याला निघायचं असेल तर विश्वास कोणावर ठेवाल? ज्याच्या सायकलवर चिखल दिसेल त्याच्यावर? मग तुम्ही फसलात म्हणून समजा. चिखल मुठीत घेऊन फेकताही येतो. माझ्यावर तो कितीदा फेकलाय ते मला विचारा.

मी सायकल बोलतेय, खडीच्या रस्त्यांसाठी बनवलेली. मेंढ्याच्या शिंगांसारखं वळलेलं हँडल, रुंद खडबडीत टायर, चकतीचे ब्रेक आणि चढावर पायांचे हाल होऊ नयेत म्हणून मागे ताटलीएवढं दातेरी चाक. जन्म कारखान्यातला, पण अक्कल आली ती दुकानात.

दुकानदार मोठा बोलका. गिऱ्हाईक आलं की आधी पाणी, मग घरची चौकशी, मग सायकल. तो म्हणायचा, "माणसाच्या तोंडाकडे बघू नये, टायरकडे बघावं. नव्या टायरला रबराचे बारीक केस असतात. खडीवर एकदा नीट फिरलं की झडतात. एक साहेब आले, म्हणे आम्ही डोंगर पालथे घातले. बघतो तर टायरवर तान्ह्या बाळासारखं जावळ. म्हटलं, साहेब, डोंगर तुम्हीच घातलेत ना पालथे, की घरी मागवले होते?"

सगळं दुकान हसलं. मीही हसले. तेच जावळ आपल्या नशिबी आहे हे तेव्हा कुठे ठाऊक होतं.

मला घेतलं ते खडीसम्राटाने. हे नाव त्याला वाचकांनी दिलेलं. निसर्गरम्य खडीवाटांवर तो लिहितो. कुठून निघावं, कुठे थांबावं, सोबत काय न्यावं. लिहितो झकास, उगाच खोटं कशाला बोलू. त्याचं वाचून माझीही चाकं शिवशिवायची.

पण त्याची रीत ऐका. मला गाडीच्या टपावर बांधायचं. सगळ्यात देखण्या वळणावर उतरवायचं. बाटलीतलं पाणी शिंपडून वर मूठभर माती फेकायची. खाली तळं चमकतंय, गवत वाऱ्यावर लवतंय, आणि मी आपली दगडाला टेकून उभी. फोटो झाला की पुन्हा टपावर. एवढे नामांकित रस्ते मी वरून पाहिले, चाकाखाली एकही आला नाही. आणि खाली मजकूर काय, तर 'आज हिने मला खूप साथ दिली.' मेल्या, कसली साथ?

माझ्या दांड्यांमधल्या त्रिकोणात एक पिशवी बसते. तिच्यात जादा ट्यूब, पंप, टायर काढायच्या पट्ट्या, साखळीची कडी आणि मलमपट्टी हवीच, असं तोच लोकांना बजावतो. पण भरली पिशवी टपावर चढवायला जड जाते. म्हणून त्याने सामान काढलं आणि आत रद्दी पेपरांचे बोळे कोंबले. फोटोत पिशवी गुटगुटीत दिसते.

असंच चाललं असतं. पण ते सगळं खरं मानणारं एक माणूस त्याच्या घरातच निघालं. त्याची थोरली बहीण. लहानपणी कॅरिअर धरून, मागे धावून हिनेच त्याला सायकल शिकवलेली. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन ती नुकती हिंडूफिरू लागली होती. डॉक्टर म्हणाले होते, सायकल चालवा, पण रस्ता सोपा बघा. गुडघा पुन्हा दुखावला तर कायमचा जाईल.

"तुझा तो तळ्याचा रस्ता करायचाय मला," ती म्हणाली. "सायकलही तुझीच दे."

"ताई, एकटी कशाला जातेस? जाऊ की कधीतरी दोघं."

"तुझं कधीतरी मला चांगलं माहितीये. तूच लिहिलंयस ना, गुडघे कुरकुरणाऱ्यांनीही बिनधास्त जावं? हे बघ, कुरकुरतायत."

घरातले सगळे हसले. तोही हसला.

"पिशवीत काय काय आहे?"

अजूनही सगळं त्याच्या हातात होतं. एक वाक्य बोलला असता तर भागलं असतं. पण बायको बघत होती, भाचरं बघत होती. तो म्हणाला, "सगळं आहे गं. तू फक्त पेडल मार."

मला बोलता येत असतं तर तिथल्या तिथे त्याची अब्रू काढली असती.

निघालो. खडी चाकाखाली चुरचुरली आणि माझे केस झडले. ते सुख मी कसं सांगू? ताई चढावर दातेरी चाकाला दाद देत होती, माझ्याशी गप्पा मारत होती. "शहाणी गं माझी," असं मला आजवर कोणी म्हटलं नव्हतं.

मग उतार आला. गाडीचा रस्ता दुसऱ्या अंगाने जात असल्यामुळे हा उतार खडीसम्राटाने कधी पाहिलाच नव्हता. 'सोपा उतार' असं लिहून मोकळा झाला होता. रस्ता पाण्याने खरवडून नेलेला, सगळीकडे मुठीएवढे सुटे धोंडे. माझ्या टायरांत फोटोसाठी टणटणीत भरलेली हवा. खडीवर हवा थोडी कमी ठेवावी, हेही त्यानेच कुठेतरी लिहिलंय. मी चेंडूसारखी उडाले, पुढचा टायर फाटला आणि ताई गुडघ्यावर पडली.

बराच वेळ ती तशीच बसून होती. तळहात सोलला होता. फोनला रेंज नव्हती. तिने चांगल्या हाताने पिशवीची चेन उघडली. एक बोळा निघाला. दुसरा निघाला. मग तिने पिशवी उलटी करून झटकली, तळाशी तरी काही असेल म्हणून.

एका बोळ्याने तिने रक्त पुसलं आणि माझ्या हँडलवर भार टाकून, लंगडत, मला ढकलत तो सोपा उतार उतरली. खालच्या फाट्यावर एका टेम्पोवाल्याने आम्हाला उचललं.

तो घरी वाचकांना उत्तरं देत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "आलीस? कसा वाटला रस्ता?"

ताईने तो बोळा त्याच्यापुढे ठेवला. "तू सांग. तूच गेलायस ना?"

"ताई, अगं ते फोटोसाठी..."

"तुला सायकल शिकवताना कॅरिअर मीही न सांगताच सोडलं होतं," ती म्हणाली. "पण मी मागे धावत होते."

दुसऱ्या दिवशी त्याने मजकुरात तीन शब्द वाढवले, 'थोडी काळजी घ्यावी', आणि झाला मोकळा. लोक अजून वाचतात, अजून निघतात. माझा संताप होतो तो यासाठी.

ताईने मला परत दिलं नाही. मी तिच्या व्हरांड्यात आहे, फाटक्या टायरावर. पिशवीत आता ट्यूब, पंप, पट्ट्या, सगळं खरंखुरं भरलंय. गुडघ्याला पुन्हा पट्टा आहे. सायकल चालवता येईल की नाही, डॉक्टर अजून सांगत नाहीत. येता-जाता ती माझ्या सीटवर हात ठेवते.

तुम्हीही उद्या कोणाला तरी रस्ता सांगाल. तेव्हा एवढं करा. सायकल चालवलीत तिथे चालवली म्हणा, ढकललीत तिथे ढकलली म्हणा, आणि गाडीतून गेलात तर गाडीतून गेलो म्हणा. तुमच्या शब्दावर कोणीतरी दुखरा गुडघा घेऊन निघालेलं असतं. तेवढा हिशोब चोख ठेवा.